आमचा माणूस कुठे आहे?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड असा हा लांबलचक पट्टा होता. रुळांलगतच्या वस्त्यांमधील माणसे धावली, चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना डब्याबाहेर काढले आणि रिक्षा, टेम्पो, टॅक्सी, जे मिळेल त्यातून जवळच्या रुग्णालयात नेले. या तत्परतेमुळे अनेकांचे प्राण वाचले. पण त्याच रात्री शहरात दुसरी एक धावपळ सुरू होती. मोबाइल लागत नव्हते. घरी न परतलेल्या माणसाचा फोटो किंवा नुसते नाव घेऊन नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जात होते. दरवाज्यावर लावलेल्या हस्तलिखित याद्या मोबाइलच्या उजेडात वाचत होते. यादीत नाव नसले, की पुढचे रुग्णालय आणि सगळ्यात शेवटी शवागृह.

त्यानंतर जवळपास दोन दशके लोटली. ट्रॉमा केअर सुधारले, १०८ ची रुग्णवाहिका आली, शस्त्रक्रियागृहे अद्ययावत झाली. ‘आमचा माणूस कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली आहे: कॅज्युअल्टीतील एक रजिस्टर, दारावर चिकटवलेली यादी आणि तिच्याभोवती गर्दी. मोठी दुर्घटना घडली की चर्चा होते ती खाटांची, रक्ताची आणि डॉक्टरांच्या संख्येची. आलेल्या प्रत्येक जखमीची नोंद आणि तो कुठे आहे याचा माग, हे कारकुनी काम समजले जाते. ते तसे नाही. माग चुकला तर उपचार चुकतो, मृताची ओळख चुकते आणि वाचलेल्या माणसाचा हक्कही बुडतो.

रुग्ण हरवतो कसा?

एरवी सरकारी रुग्णालयातील क्रम ठरलेला असतो. रुग्ण आला, की सोबतचा माणूस खिडकीवर जाऊन नाव, वय, पत्ता सांगतो आणि केसपेपर निघतो. पुढचे सगळे त्या कागदावर चालते. रक्ताची चिठ्ठी, एक्स-रे, औषधे, पोलिसांकडे जाणारी एमएलसीची नोंद, वॉर्डातली खाट, सगळे त्या एका क्रमांकाला बांधलेले असते.

मोठ्या दुर्घटनेत हा क्रम उलटतो. माणूस आधी आत येतो आणि कागद मागाहून निघतो, किंवा निघतच नाही. सोबत नातेवाईक नसतो. ज्याने आणून सोडले तो अनोळखी असतो आणि पुढच्या जखमीला आणायला निघून गेलेला असतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दिले आहे आणि ते योग्यच आहे. पण ‘कुठून उचलले?’ एवढा एक प्रश्न दारातच विचारला जात नाही आणि त्याच्याबरोबर तो धागा निघून जातो. पुढे बेशुद्ध माणसाची ओळख पटवायची असते तेव्हा तो कोणत्या डब्यात, कोणत्या फलाटावर, कोणत्या घाटावर सापडला, ही माहिती फार मोलाची ठरते.

आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकी चित्रात घटनास्थळी वर्गीकरण होते. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ आणि काळा म्हणजे मृत. प्रत्येकाला त्या रंगाचे लेबल बांधून रुग्णवाहिका ठरलेल्या रुग्णालयात नेते. प्रत्यक्षात बहुसंख्य जखमी या चाळणीतून जातच नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत लास वेगास येथे संगीत कार्यक्रमावर गोळीबार झाला, तेव्हा जवळच्या सनराइज रुग्णालयात काही तासांत सुमारे दोनशे जखमी आले आणि त्यांतले बरेचसे खासगी गाड्यांमधून. जिथे रुग्णवाहिकांचे जाळे दाट आहे तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे वेगळे काय होणार? म्हणून माग ठेवण्याची सुरुवात घटनास्थळी झाली तर उत्तमच, पण तिची खरी जागा रुग्णालयाचा दरवाजा आहे.

आत आल्यावर रुग्ण एका जागी राहत नाही. कॅज्युअल्टीतून एक्स-रे, तिथून शस्त्रक्रियागृह, तिथून अतिदक्षता विभाग. ट्रॉली कमी असतात, म्हणून एकाला उतरवून दुसऱ्याला त्यावर घेतले जाते आणि पहिल्याचा केसपेपर गादीखाली तसाच राहतो. लेबल शर्टाला लावलेले असेल तर जखम पाहण्यासाठी शर्ट कापला जातो आणि लेबल त्याच्यासह कचऱ्यात जाते. किरकोळ जखमी पट्टी बांधून न सांगता घरी निघून जातात. कुणाला नातेवाईक परस्पर खासगी रुग्णालयात हलवतात. कुणाला मेंदूची शस्त्रक्रिया हवी म्हणून दुसरीकडे रेफर केले जाते आणि चिठ्ठी रुग्णाबरोबर जाते, मागे नोंद राहत नाही. दोन तासांनंतर रजिस्टरमध्ये ६० नावे असतात, वॉर्डांत ४७ माणसे असतात आणि उरलेली १३ कुठे गेली हे एकाही माणसाला सांगता येत नाही.

एका क्रमांकाची चूक

याचा पहिला फटका उपचाराला बसतो आणि त्यात सर्वांत घातक असते ती रक्ताची चूक. रक्तगटाचा नमुना एकाचा आणि चिठ्ठी दुसऱ्याची, असे झाले तर न जुळणारे रक्त चढू शकते. अशा रक्तातील तांबड्या पेशी शरीर काही मिनिटांत फोडू लागते. मूत्रपिंडे निकामी होतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि रुग्ण दगावू शकतो. भूल दिलेला किंवा बेशुद्ध माणूस ‘थंडी वाजतेय, पाठ दुखतेय’ असे सांगू शकत नाही, त्यामुळे चूक लक्षातही उशिरा येते. एरवी रक्त चढवण्यापूर्वी नाव विचारून पडताळणी होते. पण एकाच कॅज्युअल्टीत ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०’ असे चौघेजण असतील तर पडताळायचे काय? हीच गोष्ट सीटी स्कॅनच्या फिल्मची, एक्स-रेची आणि ‘डाव्या पायाची शस्त्रक्रिया’ या सूचनेची.

बोस्टन मॅरेथॉनमध्ये १५ एप्रिल २०१३ रोजी स्फोट झाले. तिथल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी नंतर आपल्याच कामाचा आढावा घेतला, तेव्हा एक साधी अडचण पुढे आली. ओळख न पटलेल्या रुग्णांना लागोपाठचे लांब क्रमांक मिळाले होते आणि घाईत ते एकसारखेच दिसत होते. त्यानंतर त्यांनी अशा रुग्णांना नाव देण्याची पद्धतच बदलली. हा धडा आपल्याकडे सहज उचलता येण्याजोगा आहे. नुसते ‘अनोळखी १७’ आणि ‘अनोळखी १८’ असे न लिहिता क्रमांकाच्या जोडीला एक वेगळा शब्द द्यावा. गडांची नावे चालतील: तोरणा, जंजिरा, सिंहगड. फोनवरून रक्तपेढीला ‘जंजिराचे रक्त’ सांगितले तर ते ‘तोरणा’शी गफलत होणार नाही. नद्यांची नावे मात्र टाळलेली बरी. कृष्णा, गोदावरी, यमुना ही माणसांचीही नावे असतात आणि दारावरच्या यादीत ‘यमुना’ वाचून एखादी लेक आपली आई सापडली असे समजेल.

बोस्टनच्याच त्या घटनेत आणखी एक दुर्दैवी प्रकार घडला. एका कुटुंबाला मुलगी जखमी आहे, शस्त्रक्रिया सुरू आहे, असे सांगण्यात आले. कित्येक तासांनी त्यांना आत नेले, तेव्हा खाटेवर तिची मैत्रीण होती. मुलगी आधीच मरण पावली होती. ओळखपत्र एकीचे, शरीर दुसरीचे. धावपळीत एखादी पर्स, मोबाइल किंवा पाकीट उचलून जवळच्या जखमीशेजारी ठेवणे, हे कुणीही सद्भावनेने करतो. म्हणूनच खिशातले आधार कार्ड ही ओळखीची सुरुवात मानावी, पुरावा मानू नये.

मृतांचा हिशोब

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी, स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. मृतदेह केईएम रुग्णालयात नेण्यात आले. तिथे मृतांच्या कपाळावर क्रमांक लिहून त्यांची छायाचित्रे नातेवाईकांना दाखवली गेली आणि त्यावरून मोठा संताप उसळला. रुग्णालयाचे म्हणणे होते, की प्रत्येक नातेवाइकाला सगळे मृतदेह पाहत फिरावे लागू नये आणि ओळख लवकर पटावी यासाठी हे केले. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. क्रमांक देणे आवश्यकच होते. क्रमांकाशिवाय वीस मृतदेह म्हणजे वीस चुकांची शक्यता. पण कपाळ ही त्याची जागा नाही. मनगटाला आणि पायाच्या अंगठ्याला बांधायची जलरोधक पट्टी तयार असती, तर तेच काम मृताचा मान राखून झाले असते. संतापाची लाट ओसरली. त्या पट्ट्या आज किती रुग्णालयांच्या कपाटात आहेत, हे विचारायला हवे.

ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार येथे २ जून २०२३ रोजी तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला. मृतांचा आकडा आधी २८८ सांगितला गेला, मग काही मृतदेह दोनदा मोजले गेल्याचे कारण देऊन २७५ केला गेला आणि पुढे पुन्हा वाढला. मृतदेह आधी शाळेत, मग बालासोरच्या एका सभागृहात, मग भुवनेश्वरच्या रुग्णालयांत असे हलत गेले. एकाच मृतदेहावर एकाहून अधिक कुटुंबांनी दावा केला. हाताचे ठसे, सिमकार्डच्या नोंदी, शेवटी डीएनए अशी पराकाष्ठा करावी लागली. तरीही ज्यांच्यावर कुणाचाही हक्क सिद्ध झाला नाही असे २८ मृतदेह चार महिने शीतगृहात राहिले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. याच अपघातात एक बाप आपल्या मुलाला शोधत रुग्णालये पालथी घालून शाळेतल्या तात्पुरत्या शवागृहात पोहोचला आणि तिथे मृतदेहांमध्ये त्याला आपला मुलगा जिवंत सापडला. बापाने माग सोडला नाही म्हणून तो वाचला. ज्याच्या मागे असा बाप नव्हता, त्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक व्यवस्थेने स्वतःला विचारावा असा आहे.

चेहरा पाहून ओळख पटवणे किती फसवे असते, हेही लक्षात घ्यायला हवे. सुजलेला, भाजलेला, मार लागलेला चेहरा आणि समोर दुःखाने सैरभैर झालेला नातेवाईक. अशा क्षणी ‘हाच’ असे म्हटले जाते, कारण शोध संपावा असे मनाला वाटते. म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर इंटरपोलच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दातांची ठेवण आणि डीएनए हेच ओळखीचे मुख्य आधार मानले जातात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळले, तेव्हा डीएनए जुळवल्यानंतरच मृतांचा आकडा २६० वर निश्चित झाला. आधीचे अंदाज त्याहून मोठे होते. डीएनएला वेळ लागतो. तो वेळ कुटुंबांना समजावून सांगणे आणि तोवर प्रत्येक मृतदेहाचा माग चोख ठेवणे, दोन्ही रुग्णालयाच्याच वाट्याला येते.

बाहेर थांबलेली माणसे

कॅज्युअल्टीबाहेरची गर्दी ही केवळ सुरक्षारक्षकांची अडचण नसते. माहिती मिळत नाही म्हणून माणसे आत घुसतात. आत घुसली, की ट्रॉलीला वाट मिळत नाही. प्रत्येक सिस्टरला, प्रत्येक निवासी डॉक्टरला दर मिनिटाला कुणीतरी फोटो दाखवून थांबवतो. मग कुणीतरी चिडते आणि हाणामारीपर्यंत गोष्ट जाते. आतले डॉक्टर असंवेदनशील आणि बाहेरचे नातेवाईक बेशिस्त, असे दोन्हीकडून म्हटले जाते. दोष बहुतेक वेळा दोघांचाही नसतो. उत्तर देण्यासाठी नेमलेला माणूसच तिथे नसतो.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. मे २०१७ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे स्फोटात २२ जण मरण पावले. नातेवाइकांसाठी जी दूरध्वनी यंत्रणा सुरू व्हायला हवी होती ती ऐन वेळी कोलमडली आणि कुटुंबांना रात्रभर रुग्णालये धुंडाळावी लागली. त्यानंतरच्या चौकशी अहवालाने या अपयशावर कडक ताशेरे ओढले. फरक असा, की तिथे या एका गोष्टीची स्वतंत्रपणे चौकशी झाली आणि ती सुधारण्याची जबाबदारी कुणावर तरी टाकली गेली.

माग न राहिल्याची किंमत पुढे वर्षानुवर्षेही मोजावी लागते. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हजारोंची रीघ लागली. डॉक्टरांनी जिवाची बाजी लावून उपचार केले, पण एवढ्या लोंढ्यात प्रत्येकाची नोंद झाली नाही. पुढे भरपाईसाठी वायूची बाधा झाल्याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा हाती कागद नसलेल्या गरीब माणसांना स्वतःचा आजार सिद्ध करता करता आयुष्य पुरले नाही. अपघातानंतर सरकार मदत जाहीर करते ती ‘गंभीर जखमी’ आणि ‘किरकोळ जखमी’ अशा वर्गवारीने. त्या वर्गवारीचा आधार रुग्णालयाची नोंद हाच असतो. पट्टी बांधून घरी गेलेला मजूर दोन दिवसांनी पोटातल्या रक्तस्रावाने परत आला आणि त्याची पहिली नोंदच नसली, तर तो त्या दुर्घटनेतला जखमी ठरतच नाही.

करता येण्याजोगे

यावर महागडे सॉफ्टवेअर हे पहिले उत्तर नाही. दुर्घटनेच्या वेळी वीज जाते, नेटवर्क कोलमडते, आणि पासवर्ड माहीत असलेला माणूस रजेवर असतो. पहिला आधार कागदाचाच हवा. बारकोड, मोबाइल अॅप, एकत्रित संगणकीय यादी हे त्याच्यावर चढवावे.

प्रत्येक कॅज्युअल्टीत शंभर तयार लिफाफे सीलबंद असावेत. प्रत्येकात एकाच क्रमांकाची मनगटपट्टी, पायपट्टी, केसपेपर, रक्ताची चिठ्ठी, एक्स-रेची चिठ्ठी, नमुन्यांच्या बाटल्यांवर चिकटवायचे स्टिकर आणि अंगावरच्या वस्तूंसाठी पिशवी. क्रमांकात रुग्णालयाची ओळख असावी, म्हणजे दोन रुग्णालयांत एकच क्रमांक निघणार नाही. जखमी दारातून आत आला, की नाव विचारण्याआधी पट्टी मनगटावर, कपड्यांवर नाही. नाव कळले तर लिहायचे, नाही कळले तर उपचार थांबत नाहीत. एक नियम मात्र मोडायचा नाही. पुढे ओळख पटली तरी तो क्रमांक बदलायचा नाही, नाव त्याला जोडायचे. उपचार चालू असताना ‘जंजिरा’चा अचानक ‘संतोष पाटील’ झाला, तर रक्तपेढीत ठेवलेली बाटली कुणाची हे कुणाला कळणार?

दारातच चेहऱ्याचा आणि अंगावरच्या खुणांचा फोटो काढावा. गोंदण, मंगळसूत्र, जानवे, शस्त्रक्रियेचा जुना व्रण, कपड्यांचा रंग, पायातली चप्पल यांची नोंद करावी. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या हातावर गोंदलेले नाव कित्येकदा तिच्या ओळखपत्रापेक्षा अधिक खात्रीचे ठरते. लहान मुलांची यादी वेगळी ठेवावी आणि ओळख पडताळल्याशिवाय मूल कुणाच्याही हाती देऊ नये.

हे लिहिणार कोण? डॉक्टर आणि सिस्टर नाहीत. त्यांचे हात मोकळे हवेत. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवरचे कारकून, नर्सिंगचे विद्यार्थी, औषध विभागातील कर्मचारी यांना हे काम नेमून आणि शिकवून द्यावे. जिथून रुग्ण बाहेर पडू शकतो त्या प्रत्येक दारावर एक माणूस हवा: शस्त्रक्रियागृह, वॉर्ड, रुग्णवाहिकेचे फाटक आणि शवागृह. त्याने फक्त क्रमांक, वेळ आणि पुढचे ठिकाण लिहायचे.

मग दर तासाला ताळा. बँकेतला रोखपाल दिवसअखेर पै न् पै जुळल्याशिवाय उठत नाही, तसे इथेही व्हावे. आत आलेले सगळे मिळून, दाखल असलेले, घरी सोडलेले, दुसरीकडे पाठवलेले आणि मृत यांची बेरीज तेवढीच यायला हवी. ती आली नाही तर जो क्रमांक हाती लागत नाही तो शोधायचा. कदाचित तो एक्स-रेच्या बोळात ट्रॉलीवर एकटा पडलेला असेल आणि त्याचा रक्तदाब घसरत असेल. ताळ्याचा खरा उपयोग हा आहे.

नातेवाइकांसाठी कॅज्युअल्टीपासून दूर, पण त्याच आवारात, बसायला जागा आणि पाणी असलेला कक्ष हवा. तिथे वैद्यकीय समाजसेवक असावेत. हे पद सरकारी रुग्णालयांत आहेच, आपत्तीच्या वेळी त्याचा उपयोग करून घेतला जात नाही एवढेच. दर अर्ध्या तासाला, नवी माहिती असो वा नसो, कुणीतरी येऊन बोलावे. ‘अजून कळलेले नाही, साडेनऊला पुन्हा सांगतो’ हेही उत्तर असते आणि साडेनऊला तो माणूस खरोखर आला, तर गर्दी शांत राहते. मृत्यूची बातमी यादीतून कळू नये, माणसाने माणसाला बसवून सांगावी.

यापुढची पायरी जिल्ह्याची. जखमी पाच रुग्णालयांत विखुरले असतील तर पाच याद्यांची एक यादी व्हायला हवी आणि तीत खासगी रुग्णालयेही हवीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मोठ्या दुर्घटनांतील वैद्यकीय सज्जतेबाबत २००७ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांच्या प्रती कार्यालयांतून आहेत. दर सहा महिन्यांनी, आणि एकदा तरी रात्री दोन वाजता, रंगीत तालीम होते का, हे पाहायला हवे. दिवसा अकरा वाजता, आधी कळवून, छायाचित्रकार बोलावून केलेली तालीम कुणालाच काही शिकवत नाही.

यादी कुणासाठी?

एकत्रित यादी म्हटली, की गोपनीयतेचा प्रश्न येतो आणि तो खरा आहे. पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतर फ्रान्सने रुग्णालयांतील जखमींचा माग ठेवणारी ‘सिव्हिक’ नावाची संगणकीय व्यवस्था उभी केली. २०१९ मध्ये तीच व्यवस्था सरकारविरोधी निदर्शनांतील जखमींच्या नोंदीसाठी वापरली गेल्याचे उघड झाले आणि डॉक्टरांनीच आवाज उठवला. जखमी आंदोलक रुग्णालयात यायला घाबरू लागला, तर त्या यादीने जीव वाचण्याऐवजी जातील.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैद्यकीय आणीबाणी आणि आपत्तीच्या वेळी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. मुभा म्हणजे सूट नव्हे. नातेवाइकाला ‘तुमचा माणूस इथे आहे, स्थिर आहे’ एवढे कळणे पुरेसे आहे. त्याची दुखापत, रक्ताचे अहवाल किंवा छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरण्याचे काहीच कारण नाही. जखमींची यादी नेत्याच्या हातून वाहिन्यांकडे आणि तिथून मोबाइलवर जाते, हा प्रकार बंद व्हायला हवा. छायाचित्रे कक्षात, पडताळणी करून, एका वेळी एका कुटुंबाला दाखवावीत.

सिंहस्थापूर्वी

हे सगळे आता बोलण्याला कारण आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि त्यातील मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले होते. जानेवारी २००५ मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास ३०० जणांचा जीव गेला. २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे प्रयागराजच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली, तेव्हा प्रशासनाने ३० मृत्यू जाहीर केले आणि आपली माणसे शोधणारे लोक त्यानंतरही रुग्णालयांच्या आवारात फिरत होते. कुंभात येणारा भाविक परप्रांतीय असतो, वयस्क असतो, अनेकदा मराठी-हिंदी दोन्ही न कळणारा असतो आणि त्याचा फोन गटातल्या दुसऱ्याच कुणाकडे असतो. असा माणूस बेशुद्ध होऊन आला, तर त्याला शोधत येणाऱ्याला कोणत्या रुग्णालयाचे दार ठोठवायचे हेही ठाऊक नसेल.

सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि पूल यांवर मोठा खर्च होत आहे. त्या मानाने पट्ट्या, लिफाफे आणि काही दिवसांचे प्रशिक्षण यांचा खर्च किरकोळ आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि आसपासच्या तालुक्यांतील प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाला एकाच पद्धतीचे क्रमांक, एकाच नमुन्याचे लिफाफे आणि एकच माहिती कक्ष मिळाला, आणि पर्वणीपूर्वी दोन-तीन तालमी झाल्या, तर राज्याला कायमची व्यवस्था मिळेल. सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, महापालिका आणि जिल्हा प्रशासन यांपैकी हे काम नेमके कुणाचे, हे शासनाने लेखी ठरवावे. चौघांचे काम म्हणजे कुणाचेच नाही, हा सरकारी अनुभव जुना आहे.

पंढरीच्या वारीत दिंड्यांना क्रमांक असतात. रथापुढे कितवी, रथामागे कितवी, एवढे ठाऊक असले की लाखांच्या गर्दीत चुकलेला वारकरी आपल्या माणसांत परत जातो. सामान्य माणसानेही एवढी शिस्त स्वतःसाठी ठेवावी. यात्रेला किंवा लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्या वृद्धांच्या आणि मुलांच्या खिशात नाव, गाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवावा, पिशवीत नाही, कारण पिशवी हातातून सुटते. मोबाइल कुलूपबंद असतानाही दिसेल अशी आपत्कालीन संपर्काची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती भरून ठेवावी. जखमीला रुग्णालयात सोडलेत, तर त्याला कुठून उचलले एवढे दारात सांगून मगच निघावे. आणि किरकोळ जखम झाली म्हणून नोंद न करता घरी जाऊ नये.

यातले काहीही अवघड नाही आणि काहीही पुढच्या दुर्घटनेच्या संध्याकाळी सुरू करता येणार नाही. लिफाफे आधी भरावे लागतात, माणसे आधी नेमावी लागतात, ताळा आधी शिकवावा लागतो. पहिल्या पर्वणीआधी तेवढा वेळ अजून हाताशी आहे.